जन्मकथेत हरवलेले पाणी : 'भावेश जोशी सुपरहीरो'च्या निमित्ताने

विक्रमादित्य मोटवाने यांनी दिग्दर्शित केलेला 'भावेश जोशी सुपरहीरो' हा हिंदी चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी त्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. पुढील काही वर्षांत मात्र त्याला एक लहान, पण निष्ठावंत चाहतावर्ग लाभला. हा चित्रपट आपल्या काळाच्या पुढे होता आणि त्याचे मोल जाणण्याइतका प्रेक्षक तेव्हा तयार नव्हता, असे या वर्गाचे म्हणणे आहे. मला हे मत मान्य करता येत नाही. हा इतर शंभर चित्रपटांसारखाच एक टाकाऊ चित्रपट होता, हे दुसरे मतही मला मान्य नाही. टाकाऊ कृतीवर लेखणी झिजविण्याचे समीक्षेला सहसा कारण पडत नाही. येथे ते पडते, कारण विषय थोर होता, दिग्दर्शक समर्थ होता, आणि तरीही हाती आलेली कृती निराशा करणारी आहे. या निराशेचे मूळ अभिनयात, छायाचित्रणात किंवा संवादांत नाही. ते कथनाच्या एका तयार साच्यात आहे, आणि कथनाचा प्रश्न हा साहित्यविचाराचाच प्रश्न असल्यामुळे प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांपुढे तो मांडण्यात औचित्यभंग होईल असे वाटत नाही.

कथासूत्र थोडक्यात असे. २०११ साली भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारलेले मुंबईतील काही तरुण मित्र तोंडावर कागदी पिशव्या चढवून 'इन्साफ टीव्ही' या नावाने आपल्या चित्रफिती प्रसृत करू लागतात. नागरी शिस्त मोडणाऱ्यांना हटकावे, चारचौघांत लाजवावे, एवढेच त्यांचे कार्य. आंदोलन ओसरते, वर्षे जातात. सिकंदर नोकरीत रमतो आणि अमेरिकेला जाण्याच्या तयारीला लागतो. भावेश मात्र जुन्या निष्ठेला चिकटून राहतो. पारपत्रासाठी द्यावयाच्या एका क्षुल्लक लाचेवरून दोघांत वितुष्ट येते. इकडे भावेशच्या हाती मोठे प्रकरण लागते. वस्त्यांच्या हक्काचे पाणी वळवून ते टँकरवाल्यांना विकले जात असते आणि त्या साखळीचे वरचे टोक राणा नावाच्या राजकारणी पुरुषाच्या हाती असते. (ही भूमिका कै. निशिकांत कामत यांनी केली आहे, आणि आवाज न चढविता केली आहे.) भावेश मारला जातो. पश्चात्तापाने पोळलेला सिकंदर परदेशी गेल्याचे भासवून शहरातच दडून राहतो, शरीर कमावतो, युद्धकला शिकतो, मोटारसायकल सिद्ध करतो, मुखवटा चढवितो आणि सूड घेण्यास निघतो.

या सारांशातील शेवटचे वाक्य वाचताना कोणाही जाणकाराला पूर्वी कोठे तरी हे ऐकल्यासारखे वाटेल. तसे वाटणे स्वाभाविकच आहे. प्रिय व्यक्तीचा मृत्यू, त्यात नायकाचा अप्रत्यक्ष अपराध, एकांतातील साधना, वेष, पहिली फजिती, पहिला विजय आणि अखेरची झुंज हा क्रम आता इतका ठरून गेला आहे की प्रेक्षक पडद्याकडे न पाहताही पुढचा प्रसंग सांगू शकेल. तो कोठून आला हे पाहणे उद्बोधक आहे. १९३८ साली सुपरमॅन प्रथम अवतरला तेव्हा त्याची जन्मकथा एका पृष्ठात आटोपली होती. बॅटमॅन १९३९च्या मे महिन्यात आला. त्याचे मायबाप मारले गेल्याची हकीकत वाचकांना नोव्हेंबरमध्ये कळली, आणि तीही दोन पृष्ठांत. १९६२ साली आलेल्या स्पायडरमॅनची पहिली गोष्ट सगळी मिळून अकरा पृष्ठांची होती. या संक्षेपाचे कारण कलात्मक नव्हते, व्यावहारिक होते. दर आठवड्या-महिन्याला नवे प्रकरण येणार, एखादा वाचक मधूनच येऊन मिळणार, त्याला 'हा कोण?' हे चटकन सांगून मोकळे व्हावे आणि गोष्ट पुढे न्यावी. जन्मकथा ही उंबरठ्यासारखी होती; ओलांडून आत जाण्यापुरती. १९७८चा 'सुपरमॅन', २००२चा 'स्पायडरमॅन' आणि २००५चा 'बॅटमॅन बिगिन्स' या चित्रपटांनी हळूहळू उंबरठ्याचीच खोली केली. त्यांत गुण नाहीत असे नव्हे. शेवटच्या दोहोंत तर पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या यशामुळे असा समज दृढ झाला की वीर कसा झाला हे सांगितले म्हणजे वीरकथा सांगितली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साचा जुना आहे, ओळखीचा आहे, एवढ्यावरून कृती हीन ठरत नाही. पुनरावृत्तीला नाके मुरडण्याचा अधिकार मराठी रसिकाला तर मुळीच नाही. कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंग यायचाच. तमाशात गण आणि गौळण झाल्यावाचून वगाला तोंड फुटायचे नाही. आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते आणि तरीही बुवा ते कोणत्या प्रतिपादनाला जोडतात हे पाहण्यासाठी श्रोते बसून राहतात. अशा रचनाबंधाला आपण संकेत म्हणतो. संकेत कलावंताला काही गोष्टी सांगण्याच्या श्रमातून मुक्त करतो, जेणेकरून त्याने उरलेले बळ दुसऱ्या ठिकाणी लावावे. साच्याचे तसे नसते. तो कलावंताचे सगळे बळ स्वतःला भरण्यासाठीच मागून घेतो. एकच रचना एका हाती संकेत असते आणि दुसऱ्या हाती साचा होते, म्हणून 'सूत्रबद्ध' हा शेरा मारून समीक्षक सुटत नाही. सूत्राने या कृतीतून काय बाहेर ढकलले, हे त्याला दाखविता आले पाहिजे.

'भावेश जोशी'तून बाहेर ढकलले गेले ते पाणी.

चित्रपटाचा पूर्वार्ध आठवून पाहावा. कागदी पिशव्यांचे ते मुखवटे हास्यास्पद आहेत आणि दिग्दर्शकाला ते तसेच हवे आहेत. सुपरहीरो या कल्पनेची येथे मायेने चेष्टा चालली आहे. आंदोलनाच्या लाटेवर आलेला आदर्शवाद ओसरल्यावर माणसे कशी उघडी पडतात, याचे चित्रण नेमके आहे. सिकंदर दुष्ट नाही. तो फक्त थकला आहे, आणि पारपत्र वेळेवर हवे असलेल्या माणसाचा व्यवहारीपणा त्याच्या अंगी आला आहे. भावेशचा प्रामाणिकपणा खरा आहे आणि सोबत्यांना तो असह्य होतो हेही खरे आहे. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तत्त्व मांडले त्याच्या परिभाषेत बोलायचे तर या भागाचा प्राण विरोधलयीत आहे. मित्रांतील हा विरोध कोणत्याही खलनायकाने निर्माण केलेल्या संकटापेक्षा सखोल आहे, कारण दोन्ही बाजू प्रेक्षकाच्याच मनातल्या आहेत. मी लाच दिली असती का? या प्रश्नाचे उत्तर देणे आपल्याला अवघड जाते, आणि चित्रपट ते अवघडलेपण आपल्यापासून हिरावून घेत नाही.

भावेशच्या मृत्यूबरोबर ही लय तुटते. विरोधाचा एक ध्रुवच नाहीसा झाल्यावर उरतो तो केवळ अपराधी मित्राचा शोक. त्या शोकाला साच्याने एकच वाट ठेवलेली आहे: व्यायामशाळेची. येथून पुढे पाणी हा विषय राहत नाही. तो निमित्त होतो. टँकर दिसतात, जलवाहिन्या दिसतात, परंतु त्या पाठलागासाठी आणि मारामारीसाठी लागणाऱ्या जागा म्हणून. कोणत्या वस्तीत पाणी आले नाही, हंडे घेऊन कोण थांबले, कोणाची रोजी बुडाली, याची चौकशी करण्यास कथानकाला सवड उरत नाही, कारण त्याला आता नायकाचे स्नायू दाखवायचे आहेत. सार्वजनिक अन्यायाचे खाजगी जखमेत रूपांतर करणे हा या साच्याचा अंगभूत व्यापार आहे. मित्र मारला गेला नसता तर सिकंदर अमेरिकेस गेला असता. वस्तीला पाणी मिळो वा न मिळो. प्रेताशिवाय या साच्याला गती मिळत नाही, आणि प्रेत मिळाले की मग त्याला दुसऱ्या कशाची गरज राहत नाही.

हे मोटवाने यांना जमणारे नव्हते म्हणावे, तर त्यांचाच २०१७चा 'ट्रॅप्ड' आपल्यापुढे आहे. प्रभादेवीतील एका रिकाम्या इमारतीच्या उंच मजल्यावर, वीज आणि पाणी नसलेल्या घरात एक तरुण कोंडला जातो, एवढेच त्याचे कथानक. पाऊस येतो आणि तो मिळतील ती भांडी मांडून पाणी साठवू लागतो, त्या प्रसंगी तहान या शब्दाचा अर्थ प्रेक्षकाच्या घशाला कळतो. खाली अवाढव्य शहर पसरलेले आहे आणि वर एका माणसाला घोटभर पाणी नाही! ज्या दिग्दर्शकाने एकाच खोलीत पाण्याचे एवढे नाट्य उभे केले, त्यालाच पुढच्या वर्षी संपूर्ण मुंबईच्या पाण्यावर चित्रपट करताना ते हरवावे, याला त्याच्या प्रतिभेचा क्षय हे कारण देता येत नाही. 'ट्रॅप्ड'मध्ये त्याला कोणाला वीर बनवायचे नव्हते.

मी बंगळूरच्या पूर्वेस, के. आर. पुरम येथे राहते. येथील झुलत्या केबल-पुलाखालून आणि टिन फॅक्टरीच्या चौकातून दिवसरात्र जी वाहने जातात त्यांत पाण्याचे टँकर किती असतात हे मोजण्याचा नाद सोडून दिलेला बरा. २०२४च्या उन्हाळ्यात या शहराच्या कूपनलिका आटल्या तेव्हा जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले : पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरच्या टँकरला एक हजार रुपये. त्या दिवसांत शेजारपाजारी चाललेल्या बोलण्यात दुष्ट पुरुष क्वचितच असे. कूपनलिकेचा मालक, टँकरचा चालक, इमारतीच्या मंडळाचा कार्यवाह, पाण्याची नोंद ठेवणारा रखवालदार अशी ती साखळी होती. प्रत्येकाचा थोडा नाइलाज, प्रत्येकाचा थोडा लाभ. शहराच्या हद्दीत २००७ साली ओढल्या गेलेल्या एकशे दहा खेड्यांना कावेरीचे पाणी देणारी पाचव्या टप्प्याची योजना १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली, म्हणजे मधे सतरा वर्षे गेली. या सतरा वर्षांचा खलनायक कोण? त्याला कोणत्या गच्चीवर गाठून कोणत्या मुखवटाधाऱ्याने ठोसा लगवायचा?

मुंबईचे चित्र तर याहून कठोर आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातील चोराने शहरातील वस्तीचे पाणी पळविले एवढीच जर गोष्ट असेल, तर ते पाणी मुळात कोणाच्या अंगणावरून आले हा प्रश्न तिच्याबाहेर राहतो. एका चित्रपटाने सगळेच सांगावे अशी अपेक्षा मी करीत नाही. परंतु जलवाहिनी ज्या दिशेने येते त्या दिशेला एकदा तरी वळून पाहण्याइतके कुतूहल कॅमेऱ्याला असावयास हवे होते. साच्याला मात्र नायकाच्या भूतकाळाखेरीज दुसऱ्या कशाच्या उगमाचे कुतूहल नसते.

आता एका वेगळ्या वीरकथेकडे वळू. वीरगळ हा शब्द मराठीने कन्नडकडून घेतला. वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. दख्खनच्या गावोगावी, देवळाच्या आवारात, वेशीवर, तळ्याच्या बांधावर हे दगड उभे आहेत. बंगळूर परिसरातही ते आहेत. बेगूर येथील सुमारे इ. स. ८९०च्या शिलालेखात 'बेंगळूरु' या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख आहे, आणि तो आहे एका लढाईत पडलेल्या माणसाच्या स्मरणाच्या निमित्ताने. हेब्बाळ येथे २०१८ साली प्रकाशात आलेला किट्टय्याचा वीरगळ त्याहूनही जुना, सुमारे इ. स. ७५०चा आहे, परचक्र आले असता तो लढताना पडला. वीरगळाचा पुष्कळ ठिकाणी आढळणारा घाट वाचकांच्या परिचयाचा असेल. खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला नेत आहेत, वरच्या पट्टीत तो देवतेसमोर बसला आहे. हाही साचाच, शेकडो वर्षे शेकडो पाथरवटांनी गिरवलेला. पण त्यात एका गोष्टीला जागाच नाही. हा माणूस वीर कसा झाला, त्याच्या लहानपणी काय घडले, त्याला बळ कोठून मिळाले, हे दगड सांगत नाही. गावची गुरे कोणी वळवून नेली, शत्रू कोठवर आला, हा कोणासाठी उभा राहिला आणि कोठे पडला, एवढेच सांगतो. दगड उभा करतात तो मागे राहिलेल्यांनी, आणि काही ठिकाणी त्याच्या वंशजांना जमीन देऊन गाव आपले देणे फेडते.

मराठी मनाने जपलेली बाजीप्रभूंची स्मृतीही अशीच शेवटाकडून घडलेली आहे. १६६०च्या जुलैतील त्या काही तासांपलीकडचे त्यांचे आयुष्य लोकस्मृतीला फारसे ठाऊक नाही आणि त्यावाचून तिचे अडलेही नाही. म्हणूनच निखिल महाजन यांच्या २०१५च्या 'बाजी' या मराठी चित्रपटाची आठवण येथे होते. श्रेयस तळपदे यांना साध्यासुध्या तरुणाआडचा मुखवटाधारी रक्षक करून मराठीत सुपरहीरो आणण्याचा तो प्रयत्न धाडसी होता. पण ज्या नावाने मराठी कानात खिंडीचे चित्र उभे राहते ते नाव घेऊन त्यावर परदेशी शिंप्याचा झगा चढवला, आणि नावाचा अर्थ झग्याखाली झाकला गेला. महाभारतातील कर्णाचे उदाहरण याहून बोलके आहे. कवचकुंडले ही त्याला जन्मतः मिळालेली शक्ती. आजच्या कोणत्याही पटकथाकाराने तेथेच दोन तास घालवले असते. व्यासांना ती कवचकुंडले हवी होती ती कर्णाने अंगावरून कापून देण्यासाठी.

या दृष्टीने पाहता 'भावेश जोशी सुपरहीरो' या शीर्षकात एक विलक्षण शक्यता दडलेली होती, आणि चित्रपटाच्या चाहत्यांनीही तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. मुखवटा चढवून लढतो तो सिकंदर; शीर्षकात नाव आहे ते मेलेल्याचे. म्हणजे चित्रपटाचे नाव हाच एक वीरगळ आहे! सुपरहीरो कोण, तर ज्याच्याजवळ कसलेही सामर्थ्य नव्हते, ज्याने कागदी पिशवी घालून टँकरचा माग काढला आणि जो त्यापायी मारला गेला तो. शीर्षक सुचणाऱ्याला हे नक्की कळले होते. त्या जाणिवेशी चित्रपट प्रामाणिक राहिला असता तर उत्तरार्धात त्याला भावेशच्या कार्याचे पुढे काय झाले हे सांगावे लागले असते : वस्तीने काय केले, साक्ष कोणी दिली, कोणी फिरवली, चित्रफीत पाहणाऱ्या हजारोंपैकी किती जण खाली उतरले. त्याऐवजी दगडावर नाव एकाचे कोरले आणि चित्र दुसऱ्याचे काढले, असे झाले आहे.

एक माणूस, एक मुखवटा, एक झुंज हे चित्रपटाच्या माध्यमाला सोयीचे असते. समूहाची, वर्षानुवर्षे चाललेली लढाई पडद्यावर कंटाळवाणी होते, असा आक्षेप यावर येईल. त्यात तथ्य आहे. परंतु पाणी आणि वीरत्व या दोन शब्दांचा संबंध मराठी वाचकाला नव्याने सांगावा लागू नये. मुंबई विधिमंडळाचा ठराव १९२३चा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला दुजोरा दिला. कागदावर तळे खुले झाले. ओंजळ मात्र कोणाला भरता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी परतणाऱ्यांवर हल्ले झाले, पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, दावा लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अनुकूल मिळाला तो १९३७च्या मार्चमध्ये. म्हणजे दहा वर्षे. या घटनेत मुखवटा नाही. उलट प्रत्येकाचा चेहरा उघडा आहे आणि तो उघडा असण्यातच जोखीम आहे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गावात त्याच चेहऱ्याने राहायचे आहे. ओंजळीने पाणी पिणे ही जगातील सर्वांत साधी क्रिया तेथे पराक्रम झाली. दृश्यकलेला याहून अधिक नाट्य कोणते हवे, मला कळत नाही. मुखवट्याचा उपयोग ओळख लपवून घरी सुखरूप परतण्यासाठी असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या समाजात नागरिकाच्या धैर्याचे चित्र काढायला तो किती अपुरा आहे हे दिसून येईल.

साच्यातूनही कोणी काही साधू शकत नाही असे मात्र समजू नये. बेसिल जोसेफ यांचा २०२१चा मलयाळम चित्रपट 'मिन्नल मुरळी' पाहावा. तो आरंभापासून अखेरपर्यंत जन्मकथाच आहे. वीज पडते, शक्ती येते, वेष शिवला जातो. काहीही वगळलेले नाही. पण एकच वीज दोघांवर पडते. एक गावातला शिंपी जेसन, दुसरा चहाच्या टपरीवर राबणारा, गावाने वेडा ठरविलेला शिबू. दोघांच्या जन्मकथा शेजारी शेजारी चालतात, आणि शक्ती मिळाल्याने कोणी वीर होत नाही, गावाने कोणाला कसे वागविले यावर बरेच काही ठरते, हे साचाच आपल्या मुखाने सांगू लागतो. गुरू सोमसुंदरम यांनी रंगविलेला शिबू पाहिल्यावर खलनायक हा शब्द वापरताना जीभ अडखळते. हा संकेताचा खरा उपयोग.

डॉमिनिक अरुण यांच्या 'लोका : चॅप्टर १ – चंद्रा' या २०२५च्या चित्रपटाने आणखी एक मार्ग दाखविला. केरळातील नीलीच्या लोककथेवर आधारलेली ही नायिका आजच्या बंगळुरात रात्रपाळी करीत भाड्याच्या घरात राहते. तिची जन्मकथा चित्रपटाच्या मध्यावर येते, आणि ती एका चिरडलेल्या आदिवासी वस्तीची स्मृती म्हणून येते. व्यायामशाळेला तेथे वाव नाही. माझ्या शहराचे रात्रीचे रूप त्यात बरेच खरे उतरले आहे. तथापि याही चित्रपटाविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती शीर्षकातच आहे. पहिले प्रकरण! जन्मकथांचे हे चित्रपट आता पुढील भागांची प्रस्तावना म्हणूनच आखले जातात. कार्य नेहमी पुढच्या खेपेला. प्रेक्षक तिकीट काढून नांदी ऐकतो आणि नाटक पुढच्या वर्षी आहे असे ऐकून घरी जातो.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. ली फॉक यांचा 'फँटम' इंद्रजाल कॉमिक्समधून भारतीय भाषांत आला तेव्हा भाषांतरकाराने त्याला 'वेताळ' म्हटले. या एका शब्दाने तो परका मुखवटाधारी आपल्या कथासृष्टीतल्या एका प्राचीन पात्राच्या शेजारी येऊन बसला. 'वेतालपंचविशी'तला विक्रम खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आणि प्रेत त्याला न्यायाचे कूट प्रश्न घालते. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोके फुटेल, बोलला तर प्रेत निसटून झाडावर जाईल. वीराची परीक्षा येथे निवाड्याची आहे, ठोशांची नाही. त्या अज्ञात भाषांतरकाराने हा सगळा विचार केला असेल असे नव्हे. पण शब्दाला स्मृती असते, आणि चांगला भाषांतरकार तिला जागे करतो. बाबूराव अर्नाळकरांचे 'काळा पहाड' आणि 'झुंजार' हे नायक कोणत्या अपघातातून उपजले याची पर्वा त्यांच्या अगणित वाचकांनी कधी केल्याचे दिसत नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना पुढे काय झाले एवढे हवे असे. आजचे आपले पटकथाकार शब्दांचे भाषांतर करीत नाहीत, रचनेचे करतात. आणि रचना जशीच्या तशी उचलली की तिच्या मूळ समाजाची गृहीतकेही बरोबर येतात. व्यक्तीने एकट्याने न्याय मिळवावा, संस्थांवर विश्वास ठेवू नये, समूह हा फक्त वाचविला जाण्यासाठी असतो, ही त्यांतील काही. 'इन्साफ' हा भारदस्त शब्द या रचनेत बसविला की त्याचा अर्थ सूड एवढाच उरतो, आणि 'भावेश जोशी'च्या उत्तरार्धात नेमके तेच घडले आहे.

के. आर. पुरमहून होसकोटेकडे जाताना जुन्या मद्रास रस्त्यालगत एले मल्लप्पा शेट्टी यांच्या नावाचे मोठे तळे लागते. एले म्हणजे विड्याची पाने; पानांच्या या व्यापाऱ्याने सुमारे १९००च्या काळात आपले धन घालून ते बांधविले. अशा तळ्यांचे पाणी शेतांना पाळीपाळीने सोडणारा जो गावकामगार असे त्याला कन्नडमध्ये नीरुगंटी म्हणतात. आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो. मुंबईत जलवाहिनीच्या झडपा ठरल्या वेळी उघडणारा, मिटणारा पालिकेचा माणूस चावीवाला म्हणून ओळखला जातो. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी, हे त्याच्या मनगटावर अवलंबून असते आणि त्या मनगटावर वरून, खालून, चहूंकडून दाब येत असतो. मोटवाने यांच्या हाती जो विषय होता त्यातील सर्वांत मोठी व्यक्तिरेखा ही. पहाटे चार वाजता रिकाम्या रस्त्यावर लोखंडी चावी घेऊन उभा असलेला, टँकरवाल्याने देऊ केलेले पाकीट खिशात घालावे की न घालावे याचा विचार करणारा माणूस. पारपत्रासाठी लाच देणाऱ्या सिकंदराचा तोच प्रश्न, पण येथे त्याच्या उत्तरावर तीनशे घरांचे हंडे थांबलेले आहेत.